बावेची चाखणारी

मुलांनो, जिभेवर मिठाचा एक खडा ठेवला आहे असं समजा. मोठा नको, तुरीच्या डाळीएवढा पुरे. तो विरघळला की दुसरा ठेवा, मग तिसरा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत असंच चालू द्या. आज, उद्या, परवा, अशी वीस वर्षं. त्यानंतर कोणी तुम्हाला पेल्यात चिमूटभर मीठ कालवलेलं पाणी दिलं, तर ते खारं आहे हे तुम्हाला कळेल का? नाही कळणार. तुम्ही ते घटाघटा प्याल आणि वर म्हणाल, वा, काय गोड पाणी आहे.

ठाण्याच्या खाडीकाठी बाळकुम गावात अशा जिभेची माणसं राहत होती. गोष्ट १८७७ सालची. गावातली बरीच घरं किरिस्तावांची. पावसाळ्यात भात लावायचा आणि दिवाळीनंतर मिठागरात उतरायचं, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. आगरात वारा सुटला की मिठाची बारीक धूळ उडते. ती डोळ्यांत जाते, केसांत बसते, ओठांवर साचते. अंगाला भेगा पडतात आणि जीभ हळूहळू बधिर होते. गावातल्या मोठ्या माणसांना आपली जीभ मेलेली आहे हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी एक रीत पाडलेली होती.

गावात गोड्या पाण्याची एकच बाव होती. विहिरीला ते बाव म्हणत. खाडीपासून ती जेमतेम दोनशे पावलांवर. इतक्या जवळ गोडं पाणी असणं ही देवाची मोठीच मेहेरबानी, पण ते नाजूक होतं. फार उपसलं की मचूळ व्हायचं. म्हणून ईस्टर झाला की पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी पहिला पोहरा एका मुलाच्या हातात द्यायचा. ज्याने अजून आगरात पाऊल टाकलेलं नाही, असं मूल. त्याने अनशापोटी, चूळ भरून, एक घोट घ्यायचा आणि मोठ्याने सांगायचं. गोडं म्हटलं की बायका घागरी भरत. मचूळ म्हटलं की दोन भरत्या येऊन जाईपर्यंत बावेला कोणी हात लावायचा नाही, मग घरात तान्हं मूल रडत का असेना. खारं असं मात्र कोणी कधी म्हटलेलं नव्हतं.

त्या साली चाखणारी होती सुझाना. वय दहा वर्षं. गावातली बाकीची पोरं एक तर आगरात उतरलेली, नाहीतर अजून बोलायला न लागलेली. बाप इनास आणि आई जुलिया, दोघंही आगरात राबणारी. सुझाना अंगाने काटकुळी आणि बोलायला लाजाळू. पण सकाळी ‘गोडं’ म्हणताना तिचा आवाज पार शेवटच्या घरापर्यंत जायचा, आणि दिवसभरात ती तेवढंच एक काम मिरवून करायची.

आदल्या वर्षी पाऊस भाद्रपदाआधीच गेला होता. लोंब्या बाहेर पडल्या त्या पोकळच. घाटावर तर मोठा दुष्काळ पडल्याच्या बातम्या येत होत्या. बाळकुमात सुरुवातीला कोणी फारसं मनावर घेतलं नाही, कारण आकाश निरभ्र असलं की मीठ चांगलं पिकतं. त्या वर्षी तर मिठाचे ढीग घरांपेक्षा उंच झाले. दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे. पुढे म्हातारपणी सुझाना सांगायची, की त्या उन्हाळ्याचा विचार केला की तिला आधी तो पांढरा रंग आठवतो. ढीग पांढरे, वाटा पांढऱ्या, आकाशही पांढरं. आणि आवाज कसलाच नाही. कावळेसुद्धा चोच उघडी ठेवून गप्प बसलेले.

चैत्र संपला तशी बाव आटायला लागली. दोर आधी एक हात जास्त लागला, मग तीन हात, मग पोहरा दगडावर आपटल्याचा आवाज येऊ लागला. ठाण्याच्या तळ्यावर जावं तर तिथे आळीआळीची माणसं राखणीला बसलेली, बाहेरच्याला कोणी वाकू देत नव्हतं.

अशा वेळी महिपत आला. नगरकडचा माणूस, पिढीजात विहिरी खोदणारा. माळशेजचा घाट पायी उतरून, कल्याणला दोन दिवस काढून, खाडीच्या कडेकडेने तो बाळकुमात पोचला होता. बरोबर बायको गोदा आणि मुलगी मालन. मालन सुझानापेक्षा वर्षाने मोठी होती, पण तिच्या मनगटाला सुझानाच्या दोन बोटांचा वेढा बसायचा.

“आम्हांलाच पाणी नाय, तुला कुठून देऊ?” सिल्वेस्टर काका म्हणाला. तो गावाचा मुखत्यार. गावाचा शब्द सरकारी माणसाकडे तोच न्यायचा, आणि गावातही त्याचाच शब्द चालायचा.

“मागत न्हाई,” महिपत म्हणाला. “हीर दाखवा. गाळ काढतो. पानी लागलं तर आमाला रोज एक घागर आन्‌ डोक्यावर आडोसा द्या. न्हाई लागलं तर वाटंला लागतो.”

“किरिस्तावांच्या बावेचं पाणी चालेल काय रे तुला?” कोणीतरी मागून टोमणा मारला.

“घाट उतरायच्या आदी इचारलं असतं तर न्हाई म्हनालो असतो,” महिपत म्हणाला. “आता घाट उतरून आलोय.”

लोक हसले. त्याला आगराजवळची एक मोकळी झोपडी मिळाली.

मालन खाडीला घाबरायची. पहिल्या दिवशी भरतीचं पाणी बघून ती सुझानाला म्हणाली, “एवढं पानी हाय आन्‌ पेता येत न्हाई?”

“पिऊन बघ ना.”

मालनने ओंजळ तोंडाला लावली, थुंकली आणि मग कितीतरी वेळ पदराने जीभ पुसत राहिली. सुझाना पोट धरून हसली. तिथून दोघींची गट्टी जमली.

महिपत बावेत उतरला. तीन दिवस गाळ, फुटक्या घागरी, एक गंजलेला कोयता, असं काय काय वर आलं. चौथ्या दिवशी खालून आवाज आला, “तळाला निळी चिकनमाती लागलीया. लई घट्ट हाय. फोडू का?”

आता इथे नीट लक्ष द्या, मुलांनो, कारण सगळं इथेच घडलं. घाटावरच्या विहिरीला तळ फोडला की झरा लागतो. महिपतच्या बापाने तेच केलं होतं आणि आज्यानेही. खाडीकाठच्या बावेची गोष्ट निराळी. तिथे गोडं पाणी त्या निळ्या मातीवर ताटात ठेवल्यासारखं बसलेलं असतं आणि तिच्याखाली खाडी असते. बाळकुमातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे माहीत होतं. पण जे सगळ्यांना माहीत असतं ते नव्या माणसाला सांगायचं राहून जातं. शिवाय त्या दुपारी बावेच्या काठावर मोठ्या माणसांपैकी एकटा सिल्वेस्टर काका होता. ऊन डोक्यावर, घसा कोरडा, आणि घरी तापाने फणफणलेली सून पाणी मागत असलेली.

“पाणी काढायला उतरलायस ना?” तो खाली ओरडला. “मग काढ. विचारत काय बसतोस?”

सुझाना लिंबाच्या सावलीत बसली होती. तिने ते ऐकलं. पहारीचे दणके ऐकू आले, दहा, बारा, आणि मग एक वेगळाच आवाज आला, ओल्या लाकडाला चीर जावी तसा.

संध्याकाळपर्यंत बावेत कमरेएवढं पाणी चढलं. सकाळी पुरुषभर. बायकांनी बावेच्या काठावरल्या क्रूसाला फुलं वाहिली. इनासने महिपतला मिठी मारली. सिल्वेस्टर काका तर कोणी भेटेल त्याला सांगत होता, “मीच म्हटलं फोड म्हणून.” सुझानाने घोट घेतला. पाणी गोड होतं. ती इतक्या जोरात ओरडली की आगरातली माणसंही वळून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला.

काहीतरी होतं. जिभेच्या कडांना, अगदी मागे. घाम ओठांवर आल्यावर लागतं तेवढंच.

“काय गो?” सिल्वेस्टर काका समोरच उभा होता. “गोडंच ना?”

मागे बायकांची रांग. रांगेच्या शेवटी गोदा आणि मालन, हातात एकच घागर. आठवड्याभरात पहिल्यांदाच सगळ्यांचे चेहरे धुतलेले दिसत होते. सुझानाने गिळलं.

“गोडं,” ती म्हणाली.

आईने वाटेत विचारलं, “आज आवाज का बसलाय तुझा?”

“घसा खवखवतो.”

“मग पाणी पी,” जुलिया म्हणाली आणि लोटा पुढे केला.

तिसऱ्या दिवशी पाणी मचूळ होतं. लपवता येण्यासारखं राहिलं नव्हतं, पण सुझानाने लपवलं. त्याच दुपारी मालनने तिला झोपडीमागे गाठलं.

“सुझे, पानी खारं लागतंय.”

“तुझी जीभच तशी हाय.”

“माझी जीभ घाटावरची हाय. मला समजतं.” मालन जमिनीकडे बघत होती. “आयेला बी समजलंय. बा काहीच बोलत न्हाई. तू सांगनार हाइस?”

सुझानाने झोपडीकडे पाहिलं.

“सांगितलंस तर आमाला हाकलतील. परत घाटावर न्हाई जायचं मला. येताना आमी चौघं होतो. धाकट्याला घाटातच ठेवला, दगड रचून. आये अजून झोपंत दगड मोजती.” मालनने सुझानाचा हात धरला. तिचा पंजा तापलेला होता. “नको सांगू, सुझे.”

चौथ्या दिवशीही सुझाना ‘गोडं’ म्हणाली.

त्या दिवशी बेडूक वर आले. बावेच्या दगडी पायऱ्या चढून एकामागून एक, लहान-मोठे, काठावर येऊन बसले. उन्हात त्यांची कातडी सुकत होती तरी एकही पुन्हा आत उडी मारीना. लोकांना आनंद झाला. “बेडूक बाहेर पडले, पाऊस येतोय,” म्हातारे म्हणाले आणि पश्चिमेला हाताचा आडोसा करून बघू लागले. तिकडे काहीच नव्हतं. दुपारपर्यंत बेडूक मेले आणि कावळ्यांनीही त्यांना तोंड लावलं नाही.

इनासची गाय बादलीत तोंड घालायची, फुरफुरायची आणि मान बाजूला करायची. “उन्हानं डोकं फिरलंय हिचं,” इनास म्हणाला. काठालगत सांडपाण्यावर वाढलेलं अळू पिवळं पडलं. सिल्वेस्टरच्या सुनेला उलट्या सुरू झाल्या. तिला बरं वाटावं म्हणून घरातली माणसं तेच पाणी आणखी पाजत होती. भांडंभर, दर घटकेला. ते ऐकल्यावर सुझानाला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी ती एकटीच बावेवर गेली. वरून सातवी पायरी पाण्यात होती. तिच्या पाठीमागे खाडीला भरती लागली होती आणि चिखलावरून पाणी सळसळत वर येत होतं. ती बसून राहिली. खाडीचं पाणी बांधाला टेकलं तेव्हा बावेतली सहावी पायरी भिजली. थोड्या वेळाने पाचवी. पाण्यावर बारीक बारीक बुडबुडे येत होते, खाली कोणी झोपलं असावं तसे, संथ.

बाव भरत नव्हती. खाडी आत येत होती.

आणि परवा अमावस्या होती. अमावस्येचं उधाण म्हणजे काय, हे आगरातल्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. ते बांध फोडतं. तळाच्या मातीला पडलेली फट त्याच्यापुढे किती टिकणार? एकदा ती फाकली की बाव खाडीचीच. मग पाऊस येवो न येवो, बाळकुमात माणूस राहणार नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सगळे जमले. सुझानाने चूळ भरली. पोहरा वर आला. तिने घोट घेतला आणि सगळ्यांच्या देखत थुंकला.

“खारं,” ती म्हणाली.

कोणाला ते नीट ऐकूच गेलं नाही, कारण तो शब्द तिथे कधी कोणी उच्चारला नव्हता.

“काय म्हणालीस गो?”

“खारं हाय. तीन दिवस झाले. मी खोटं बोलले.”

जुलियाच्या हातातली घागर कमरेवरून घसरली. सिल्वेस्टर काका पुढे आला. तो रागावलेला दिसत नव्हता. तो घाबरलेला होता, आणि ते बघून सुझानाला जास्त भीती वाटली.

“काल गोडं आणि आज खारं?” तो लोकांकडे वळून म्हणाला. “पोर उन्हानं बिथरलीय. एकदा खोटं बोलली म्हणते ना? मग आज खरं कशावरून? इनास, घरी ने तिला. भरा गो घागरी.”

“भरती आली की पाणी चढतं,” सुझाना म्हणाली. “मी पायऱ्या बघितल्या.”

“चूप.”

“तुमच्या सुनेला हेच पाणी पाजताय, काका.”

सिल्वेस्टरचा हात वर गेला. इनास मध्ये आला. तो मुलीकडे बघत होता आणि त्यालाही कळत नव्हतं काय मानावं. त्याने स्वतः ओंजळभर पाणी पिऊन बघितलं. पुन्हा प्यायला. मग हताशपणे मान हलवली. त्याच्या जिभेला काहीच सांगता येत नव्हतं. एकेकाने ओंजळ पुढे केली, एकेकाने प्यायलं, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

“मला द्या,” मागून महिपत म्हणाला.

लोकांनी वाट दिली. मालन त्याच्या धोतराला धरून मागे ओढत होती. “बा, नको,” ती पुटपुटत होती. महिपतने पोहऱ्यातलं पाणी तोंडात घेतलं. त्याला फक्त गिळायचं होतं. गिळून गप्प बसला असता तर ती झोपडी, ती रोजची घागर, सगळं आणखी दोन दिवस तरी त्याचं होतं.

त्याने पाणी बाजूला टाकलं.

“खारं हाय,” तो म्हणाला. “पोर खरं बोलतीया. माझ्याच हातानं झालंय. आमच्याकडं तळ फोडतात. हितं फोडत न्हाईत, ते मला आता कळालं.”

“तूच नासवलीस तर,” मागून कोणीतरी म्हणालं, आणि गर्दी एक पाऊल पुढे सरकली. ‘फोड’ कोणी सांगितलं होतं हे सिल्वेस्टर काकाला ठाऊक होतं. तो जमिनीकडे बघत राहिला.

“मी पळत न्हाई,” महिपत म्हणाला. “ओहटी लागली की पानी खाली बसंल. तेवढ्यात उतरतो आन्‌ फट चिकनमातीनं बुजवतो. पर एकट्याचं काम न्हाई. वरून टोपल्या सोडायला मानसं पायजेत, भराभर. भरतीच्या आत झालं तर झालं. न्हाई तर...” त्याने बावेत वाकून पाहिलं. गोदाने पदर तोंडात कोंबला होता.

एकही माणूस हलला नाही. काहींनी हाताची घडी घातली. कुणी म्हणालं, “ज्यानं फोडली त्यानंच बघावं.” ऊन वर चढत होतं. खाडीचं पाणी बांधापासून मागे सरकायला लागलं होतं. चिखल उघडा पडत होता. ओहोटी कोणासाठी थांबत नाही.

सुझानाने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग ती गर्दीतून निघाली. पांढऱ्या वाटेवरून ती थेट मिठागराकडे गेली, चाखणाऱ्या मुलांनी जिथे पाऊल टाकायचं नसतं तिथे. एकदा टाकलं की पहिला पोहरा पुन्हा हातात येत नाही. वाफ्यात गुडघाभर उतरून तिने दोन्ही हातांनी बांधाची निळी चिकणमाती उपसली, पडून असलेली मीठ वाहायची एक रिकामी टोपली तिने भरली आणि ती डोक्यावर चढवली. टोपलीतलं खारं पाणी तिच्या कपाळावरून, डोळ्यांवरून, ओठांवर ओघळत होतं. ते न पुसता ती बावेच्या दिशेने चालू लागली.